रोजचे सात कॉल

नाशिक
१२ जून २०२५

ती. शरदकाका,

नमस्कार. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून तुम्ही फोन उचलता, अर्धं ऐकता आणि उरलेलं मनानं भरता, हे तुम्हीच कबूल केलंत ते बरं झालं. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी आठ दिवस आधीच दवाखान्यात हजर झाला होतात. तेव्हा आता पत्रच बरं.

बातमी अशी की, ज्या पाटबंधारे ऑफिसात तुम्ही चौतीस वर्षं खुर्ची झिजवलीत, त्याच ऑफिसात तुमच्या पुतणीनं वर्षाला एक्केचाळीस लाख रुपये वाचवले आहेत. संगणक, सॉफ्टवेअर, फोन यांवरचा खर्च तपासा, असा यंदा वरून आदेश आला. मी सगळी बिलं काढून बसले. काय काय निघालं म्हणून सांगू! निवृत्त झालेल्या चौसष्ट माणसांच्या नावानं दरवर्षी सॉफ्टवेअरचे परवाने घेतले जात होते. त्यात तुमचंही नाव होतं. बंद पडलेल्या फॅक्सचं भाडं चालू होतं. मागच्या खोलीतले सर्व्हर नुसते एसीची हवा खात बसले होते. त्यांच्यावरचं सगळं आता राज्याच्या सामायिक डेटा सेंटरमध्ये नेलं आणि खोली रिकामी केली.

आणखी एक गोष्ट बंद केली. धरणातून पाणी सोडणार असलं की रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगणारी ती फोनलाइन आठवते? वर्षाला तीन लाख साठ हजार. आणि कॉल किती, तर भर पावसाळ्यातही दिवसाला सरासरी सात. म्हणजे एका कॉलला एकशे चाळीस रुपये! एवढ्यात रिक्षानं माणूस पाठवून निरोप दिला असता. आता त्या जागी ॲप आहे, अकरा हजार लोकांनी घेतलंय आणि आम्हाला ते फुकट पडतं. त्या लाइनच्या सुरुवातीची फाईल मात्र सापडली नाही. तुमच्याच काळातली ना ती?

सगळ्यात भारी पुढेच आहे. वाचलेला निम्मा पैसा ऑफिसला स्वतःकडे ठेवता येतो. अट एवढीच, की तो पुन्हा तंत्रज्ञानातच घालायचा आणि प्रस्ताव तीस सप्टेंबरच्या आत पाठवायचा. नाहीतर साडेवीस लाख परत मुंबईला. कशात घालावेत, सांगा. टाइपरायटर घ्या म्हणू नका.

तुमची
मृण्मयी


सावरकाठ
२० जून

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. बातमी वाचून छाती फुगली. आणि निवृत्तीला अठरा वर्षं झाल्यावरही सरकार माझ्यासाठी सॉफ्टवेअर घेत होतं, हे वाचून डोळे पाणावले. एवढी आठवण पोटच्या मयुरेशनंही ठेवली नाही.

आता म्हाताऱ्याचं ऐक. पैसा वाचवणं सोपं, वाचलेला राखणं कठीण. ऑफिसात पैसा शिल्लक आहे असं कळलं की सगळ्यांना एकदम गरजा आठवतात. तळं राखी तो पाणी चाखी. तेव्हा प्रस्ताव तू स्वतः आणि लवकर लिही, नाहीतर कुणीतरी त्यातून सोफे घेईल आणि त्याला 'माहिती कक्ष' म्हणेल.

लाइन माझ्याच काळातली, २००४ सालची. तिची फाईल शोधण्यात वेळ घालवू नकोस. एक मात्र विचारतो. सरासरी सात काढलीस, पण रोजचा आकडा पाहिलास का? आपलं सहज.

परवा कलाबाई आली होती. मारुतीच्या देवळामागे तिचं घर आहे आणि नदीला लागून झेंडूचा पाऊण एकर. म्हणाली, "भाऊसाहेब, ती फोनातली बाई बोलंना झाली. नंबर लावला की म्हणतं, हा क्रमांक अस्तित्वात नाय. कालपर्यंत तर व्हता!" मी म्हटलं, आता त्याचं ॲप झालंय. तर म्हणे, "मंग ते बघायचं कुनी? माझा फोन बटनाचा हाय."

आमचा काठ तुला माहीत आहे. फुलं-भाजीवाल्या तीस-पस्तीस जणांच्या पाणी उपसायच्या मोटारी नदीच्या अगदी कडेला असतात. धरणातून पाणी सुटणार असं कळलं की चौघं-चौघं मिळून दोर लावतात आणि त्या बांधावर ओढून घेतात. तासाभराचं काम, पण तो तास आधी मिळावा लागतो.

यंत्र कानात घालत जा, असं पुढच्या पत्रात लिहू नकोस. शिट्टी मारतं ते.

तुझा
शरदकाका


नाशिक
४ जुलै

ती. काका,

रोजचा आकडा वेगळा कशाला पाहायचा? सरासरी सात म्हणजे रोजचे सातच की. तुम्हाला अजूनही सगळं एकेक ओळ करून तपासायची सवय आहे. म्हणूनच तुमच्या काळात एक बिल पास व्हायला तीन महिने लागायचे!

सोफ्याचं भाकीत थोडक्यात चुकलं. साहेबांना भिंत हवी आहे. सोळा पडदे एकत्र जोडायचे आणि त्यावर जिल्ह्यातली सगळी धरणं एका नजरेत. पाहुणे आले की दाखवता येईल. साडेएकोणीस लाख. मला खरं तर नदीवरच्या पुलांना पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवायची होती. पण साहेबांनी माझं नाव यंदाच्या उत्तम कामाच्या पुरस्कारासाठी पाठवलंय. 'बंद केलेल्या निरुपयोगी सेवा' या रकान्यात पहिलीच ती फोनलाइन आहे. अशा वेळी माणूस साहेबांच्या भिंतीवर डोकं आपटत नाही. प्रस्ताव भिंतीचाच करतेय.

कलाबाईंना म्हणावं, बटनाचा फोन आता संग्रहालयाला द्या. आणि एवढ्या गावात एकानं तरी ॲप घेतलं असेलच ना? तो सांगेल सगळ्यांना.

मृण्मयी


सावरकाठ
३० जुलै

चि. मृण्मयी,

शनिवारी, म्हणजे सव्वीस तारखेला, दुपारी पावणेतीनच्या सुमारास नदीला पाणी आलं. वरून साडेबाराला सोडलं होतं, हे नंतर कळलं. इकडे पाऊस नव्हता. स्वच्छ ऊन पडलं होतं, त्यामुळे कुणाच्या मनातही आलं नाही.

अकरा मोटारी वाहून गेल्या. कलाबाईचीही गेली. गोटीराम तुला आठवत असेल, दर खेपेला तुझ्या पिशवीत वांगी कोंबणारा. तो पाइप सोडवायला खाली उतरला होता. पाणी गुडघ्याला लागल्यावर त्यानं मागं पाहिलं, तर परत यायची वाट राहिली नव्हती. चार तास बाभळीवर होता. पलीकडच्या गावच्या लोकांनी ट्रॅक्टरची ट्यूब टाकून त्याला काढलं. नडगीचं हाड मोडलंय. नाशिकला दवाखान्यात आहे. जीव वाचला.

आता सगळे विचारतात, असं झालं कसं? बैल गेला नि झोपा केला, अशी गत. कलाबाई देवळाच्या पायरीवर बसून होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला कुनी सांगितलंच नाय, तर मी बोलू काय?"

आणखी लिहायचं आहे. ते पुढच्या पत्रात.

शरदकाका


नाशिक
५ ऑगस्ट

ती. काका,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन आले. गोटीरामभाऊंच्या पायात सळई घातली आहे. तीन महिने पाय टेकायचा नाही. मला पाहून उठायलाच लागले. म्हणाले, "ताई, भोंगा झाला नाय ना." मी त्यांना समजावलं की भोंगा धरणावर वाजला होता, तो बावीस किलोमीटरवर कसा ऐकू येईल? तरी ते पुन्हा तेच म्हणाले, भोंगा झाला नाय. औषधाची गुंगी असावी.

इकडे साहेबांनी अहवाल मागितलाय. मी नोंदी तपासल्या. ॲपवर सूचना अकरा चाळीसला गेली आहे. म्हणजे तीन तास आधी. सावरकाठमध्ये ती एका फोनवर पोचल्याची आणि वाजल्याची नोंद आहे. फक्त एका फोनवर. त्या माणसानं उठून नुसती हाक मारली असती तरी अकराच्या अकरा मोटारी आणि गोटीरामभाऊंचा पाय वाचला असता.

खरं सांगते, फार चीड आली. आपण एवढं करायचं आणि गावातल्या एका माणसानं खिशातला फोन बघायचा नाही! अहवालात मी तसंच लिहिणार आहे: सूचना वेळेत पोचली, ती पुढे सांगितली गेली नाही. नंबर कुणाचा ते मला इथून दिसत नाही, पण गावाला नक्की माहीत असेल. विचारून कळवा.

मृण्मयी


सावरकाठ
११ ऑगस्ट

चि. मृण्मयी,

तो फोन माझा.

मयुरेशनं दिवाळीत दिलेला. जूनमध्ये कलाबाई आली तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, काळजी करू नको, मी बघून सांगत जाईन. तुला ते लिहिलं नाही. रोज अकराला मी ते ॲप उघडायचो. त्या शनिवारीही उघडलं, काही नव्हतं. पूर्वी अकराच्या आत सगळं रेकॉर्ड करून ठेवायचा नियम होता, म्हणून अकरा. ॲपला अशी वेळ नसते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा चाळीसला मी ओट्यावर पेपर वाचत होतो आणि फोन सदऱ्याच्या खिशात होता. तो वाजला असणार. यंत्र ड्रॉवरमध्ये होतं.

सगळ्या गावाला माहीत आहे की मला ऐकू येत नाही. तरी काम मागून घेतलं, आणि 'भाऊसाहेब सरकारी माणूस' म्हणून लोकांनी ते दिलं. मला चष्म्याची लाज वाटत नाही, कानाची वाटते. का, ते मला कळलेलं नाही.

आता दुसरं सांगतो. ते याहून वाईट आहे.

ते सात कॉल नव्हते. ती सात गावं होती.

२००४ साली ते यंत्र बसवलं, तेव्हा त्याला दोनच लाइन होत्या. २००६च्या ऑगस्टमध्ये पाणी सोडायची वेळ आली, काठावरच्या शे-दीडशे लोकांनी एकदम नंबर फिरवले आणि सगळ्यांना एंगेज लागला. मी तेव्हाच्या साहेबांना म्हटलं, दोन लाइन पुरत नाहीत. ते म्हणाले, यंत्राला दोनच वर्षं झालीत, अपुरं आहे असं लिहिलंस तर आपल्या दोघांची चौकशी लागेल. मग मी तीन रविवार स्कूटर घेऊन सात गावांत फिरलो. प्रत्येक गावात एक माणूस ठरवला. त्यानं एकट्यानं अकराला फोन करायचा, ऐकायचं आणि देवळाच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला सांगायचं. बाकी कुणीही नंबर लावायचा नाही, लाइन मोकळी ठेवायची. सावरकाठचं माणूस कलाबाई. ती आवाजाला खणखणीत आहे. गोटीराम ज्या भोंग्याबद्दल बोलत होता, तो हा. गुंगीत नव्हता तो.

एका कारकुनाचं तोंडी सांगणं या सात गावांनी एकोणीस वर्षं पाळलं. आणि ज्यानं सांगितलं, त्यानं एक ओळ कागदावर उतरवली नाही. नव्या पोरांना मी शिकवायचो, जे फाईलवर नाही ते झालंच नाही. तुला ती फाईल सापडली नाही, कारण मी ती केलीच नाही.

जूनमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हाच हे कळलं होतं. म्हणूनच रोजचा आकडा पाहिलास का, असं आडून विचारलं. सरळ का लिहिलं नाही? एक कारण, तुझा आनंद मोडवेना. दुसरं कारण, माझी चूक तुझ्यापुढे उघडी पडली असती. पहिलं कारण मी स्वतःला सांगत होतो. खरं दुसरंच आहे.

अहवालात माझं नाव लिही. संपूर्ण लिही, शरच्चंद्र.

काका


नाशिक
२ सप्टेंबर

ती. काका,

तीन आठवडे लिहिलं नाही कारण मी रागावले होते. अजून आहे. जूनमध्ये तुम्ही एक ओळ लिहिली असती, फक्त एक, तर मी ती लाइन त्याच दिवशी सुरू केली असती. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितेय, कारण न लिहिता बसवत नाही.

आता माझंही ऐका. तुमचं पत्र आल्यावर मी गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या कॉलची नोंद उघडली. सरासरी नाही, रोजची. एक तारखेला सात. दोन तारखेला सात. तीनला सात. एकतीस दिवस तेच सात नंबर, सगळे अकरा ते अकरा दहाच्या आत. एका दिवशी आठ होते, तेव्हा कलाबाईंचा फोन मध्येच कट झाला होता. माणसं सहज फोन करतात तेव्हा असे आकडे येत नाहीत. शाळेतल्या मुलीलाही शंका आली असती. मला आली नाही, कारण मी ते पान उघडलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा वर तुमचीच थट्टा केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी झाले.

रजा टाकून स्कूटीवरून सातही गावं फिरले. प्रत्येक ठिकाणी अकराला फोन करणारं माणूस सापडलं. तुम्ही नेमलेल्यांपैकी दोघं वारलेत, पण एकाच्या सुनेनं आणि दुसऱ्याच्या बहिणीनं काम पुढे चालवलं होतं. एका गावात चांगुणाबाई म्हणून आहेत, त्यांनी मला विचारलं, "त्या स्कूटरवाल्या सायबांना सांग, आम्ही कधी खाडा केला नाय. मंग लाइन का तोडली?" लाइन मी तोडली, हे मला तिथं सांगता आलं नाही. परत येताना वाटेत थांबून रडले.

भोंगा ऐकणारी घरं मोजली. सात गावांत मिळून दोन हजार एकशे चाळीस. म्हणजे घरामागे दिवसाला शेहेचाळीस पैसे पडत होते. मी एकशे चाळीस रुपये लिहिले होते.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, लाइन पुन्हा सुरू करायची तर ती बंद करणं चूक होतं असं तुलाच लिहावं लागेल, आणि पुरस्काराच्या कागदात तीच पहिली आहे. मी म्हटलं, लिहिते. मग म्हणाले, आणि फाईलवर पुरावा काय? गावकरी म्हणतात, एवढ्यावर पैसे मिळत नाहीत.

मला अहवालात तुमचं नाव नकोय, काका. मला कागद हवाय. २००६ साली जो लिहायला हवा होता, तो आता लिहा. प्रस्ताव तीस तारखेला गेला नाही तर साडेवीस लाख परत जातील, आणि मग भिंतही नाही, लाइनही नाही.

मृण्मयी


सावरकाठ
६ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता

विषय : धरणाच्या विसर्गाची माहिती देणाऱ्या दूरध्वनी सेवेच्या वापराबाबत सन २००६ मध्ये दिलेल्या तोंडी सूचना लेखी सादर करणेबाबत. (विलंब : एकोणीस वर्षे)

महोदय,

उपरोक्त विषयी नम्रपणे सादर करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार हा आपल्या कार्यालयातून मुख्य लिपिक या पदावरून सन २००७ मध्ये सेवानिवृत्त झालेला आहे. सदर सेवेस दोनच वाहिन्या असल्याने निम्नस्वाक्षरीकाराने ऑगस्ट व सप्टेंबर २००६ मध्ये नदीकाठच्या सात गावांत समक्ष जाऊन, प्रत्येक गावातून एकाच व्यक्तीने दूरध्वनी करावा व ध्वनिक्षेपकावरून गावास कळवावे, अशा सूचना दिल्या. सबब कॉलची संख्या सात असणे हे वापर कमी असल्याचे नव्हे, तर सूचनांचे तंतोतंत पालन झाल्याचे निदर्शक आहे. गावनिहाय व्यक्तींची नावे सोबत जोडली आहेत. सातही जणांच्या सह्या व अंगठे घेतले आहेत.

सदर सूचना त्याच वेळी अभिलेखावर न घेणे, ही निम्नस्वाक्षरीकाराची चूक आहे. तसेच २६ जुलै रोजी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सूचना प्राप्त झालेला भ्रमणध्वनी निम्नस्वाक्षरीकाराचा असून, श्रवणदोषामुळे ती त्यास ऐकू आली नाही. हे काम त्याने स्वीकारावयास नको होते. याचा दोष गावाकडे जात नाही.

सेवा पुन्हा सुरू व्हावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
शरच्चंद्र, सेवानिवृत्त मुख्य लिपिक

(मृण्मयी, सह्या घ्यायला सात गावांत पुन्हा फिरलो. या वेळी स्कूटर नाही, गावातल्या दिनेशच्या भाजीच्या टेम्पोत पुढे बसून. गोटीराम घरी आलाय. त्याला फोनचं सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, ऐकू येत नाय हे आमाला ठाव व्हतं. आमीच कसं काय दिलं तुमाला?" हे ऐकणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं. यंत्र कानात होतं, त्यामुळे नीट ऐकू आलं.)


नाशिक
२३ सप्टेंबर

ती. काका,

तुमचा कागद साहेबांनी दोनदा वाचला. 'विलंब : एकोणीस वर्षे' इथं बोट ठेवून विचारलं, "हे गृहस्थ अजून आहेत?" मी म्हटलं, आहेत, माझे काका आहेत. मग बराच वेळ फाईल चाळल्यावर म्हणाले, "भिंत किती लहान करता येईल?"

भिंत लहान होत होत एका मोठ्या टीव्हीवर आली. बाकीचा प्रस्ताव असा गेला: तुमची लाइन, आता चार वाहिन्यांची, तीन वर्षांच्या खर्चासकट, तीन पुलांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, आणि सात गावांच्या भोंग्यांना बॅटऱ्या, म्हणजे वीज गेली तरी बंद पडायला नकोत. मंजुरी यायला वेळ लागेल, पण लाइन साहेबांनी आपल्या अधिकारात आधीच सुरू करायला सांगितली. परवा, पंचवीस तारखेपासून चालू. नंबर तोच आहे, तो परत मिळवायला मात्र माझे चार दिवस गेले. आवाज आमच्या शाखेतल्या तेजलचा आहे. पाणी सोडायचा निर्णय पावणेअकराच्या आत रेकॉर्ड झालाच पाहिजे, तातडीनं सोडायची वेळ आली तर सातही जणांना ऑफिसनंच फोन करायचा, हे या वेळी लेखी आहे. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं.

पुरस्काराच्या यादीतून माझं नाव मी काढून घेतलं. वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणाले तर ते खोटं होईल. आईनं शेजारी सांगूनही टाकलं होतं.

वाहून गेलेल्या मोटारींचे पैसे या रकमेतून देता येत नाहीत. त्याची वेगळी फाईल केली आहे, ती कलेक्टर कचेरीत आहे. मिळतील असं आज सांगू शकत नाही. कलाबाईंना खोटा दिलासा देऊ नका.

दर महिन्याच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवलाय. 'कॉल'च्या शेजारी 'ऐकणारी घरं'. साहेब म्हणाले, हा आकडा यंत्रातून येत नाही, आणणार कुठून? मी म्हटलं, दर वर्षी जाऊन मोजणार.

दसऱ्याला येते. राग थोडा शिल्लक आहे, तो येताना घेऊन येईन.

तुमची
मृण्मयी


सावरकाठ
२९ सप्टेंबर

चि. मृण्मयी,

आशीर्वाद. राग आण, झेंडू घेऊन जा. कलाबाईनं तुझ्यासाठी दोन टोपल्या बाजूला ठेवल्यात. लाइन कुणी बंद केली होती, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग चालू बी तिनंच केली ना? येऊ दे." तरी तू तिला स्वतः सांग.

काल, रविवारी, परतीच्या पावसानं धरण भरलं आणि पाणी सोडलं. तुला ऑफिसात कळलंच असेल. इकडचं सांगतो.

साडेदहापासून मी ओट्यावर बसलो होतो. यंत्र कानात होतं, पण देवळाचा भोंगा माझ्या घरापर्यंत मला यंत्रातूनही ऐकू येत नाही. शिट्टी तेवढी येते. अकरा झाले. अकरा पाच झाले. मनात नको ते येऊ लागलं. तीनच दिवसांपूर्वी सुरू झालेली लाइन, लागली असेल की नाही? कलाबाईला लक्षात राहिलं असेल की नाही? उठून देवळाकडे जावं म्हणून काठी घेतली.

तेवढ्यात समोरच्या घरातून धनराज बाहेर आला, खांद्यावर दोर. त्याच्यामागून त्याचा भाऊ. मग पलीकडच्या गल्लीतून चौघं, मग आणखी सहा-सात. सगळे नदीकडे पळत होते. गोटीराम दारात खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हात कानाशी नेला आणि मान हलवली. झाला, भोंगा झाला.

मी परत ओट्यावर बसलो आणि मला रडू आलं. रस्त्यावर सगळे घाईत होते, कुणी पाहिलं नाही.

साडेबारापर्यंत सगळ्या मोटारी बांधावर होत्या, उसन्या आणलेल्या पाचही. पाणी दोनला आलं. कलाबाईच्या वाफ्यातल्या खालच्या दोन ओळींना लागलं आणि तिथंच थांबलं. वाहून काही गेलं नाही.

तुझ्या तक्त्यात कालच्या तारखेला सावरकाठचा एकच कॉल दिसेल. तो बरोबर आहे.

तुझा
शरदकाका